ओठावरचे फोड, सुजलेल्या हिरड्या आणि हर्पिसची भीती : एका आईच्या प्रश्नाला उत्तर

दादरच्या एका आईने विचारले आहे, ते थोडक्यात असे. अडीच वर्षांच्या मुलीला पाच दिवसांपूर्वी ताप भरला. तिसऱ्या दिवसापासून हिरड्या लालभडक होऊन सुजल्या, ब्रश लागला की रक्त येऊ लागले, जिभेवर आणि ओठांभोवती बारीक फोड उठले आणि आता ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. पहिल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले. काल दुसऱ्या डॉक्टरांनी हा हर्पिस असल्याचे सांगून ॲसायक्लोविर या विषाणूविरोधी औषधाचे सिरप सुरू केले. सासूबाईंच्या मते ही उष्णता आहे. हर्पिस हा शब्द मोबाइलवर शोधल्यावर जे काही वाचायला मिळाले, त्याने या बाईंची रात्रीची झोप उडाली. यजमानांच्या ओठावर वर्षातून दोन-तीनदा फोड येतात ते हेच का, मुलीला त्यांच्याकडूनच लागण झाली का, आणि पुढच्या रविवारी नणंदेच्या बाळाचे बारसे आहे तिथे जावे की नाही, हे त्यांचे बाकीचे प्रश्न आहेत.

ताई, आजाराच्या नावाकडे मी नंतर वळतो, कारण आज रात्री तुमच्या मुलीला धोका विषाणूपासून फारसा नाही, तो तहानेपासून आहे. या आजारात लहान मुले रुग्णालयात भरती होतात ती बहुतेक वेळा शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे. तोंडात जिथे तिथे जखमा असल्यामुळे गिळताना आग होते, म्हणून मूल थुंकीसुद्धा गिळत नाही आणि लाळ गळत राहते. माझ्या दवाखान्यात अशी मुले येतात तेव्हा फ्रॉकचा किंवा शर्टाचा पुढचा भाग ओलाचिंब झालेला असतो, आईच्या खांद्यावर टॉवेल असतो, आणि चमचा नुसता दिसला तरी मूल तोंड फिरवते. अशा वेळी चमचा आणि पेला बाजूला ठेवावा. औषधाच्या दुकानात मिळणारी पाच मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्यावी आणि तिने गालाच्या आतल्या बाजूला, जिभेला न लावता, दर पाच मिनिटांनी पाच मिली पातळ पदार्थ सोडावा. हिशेब साधा आहे: तासाला ६० मिली होतात, आणि १२ किलो वजनाच्या मुलाला दिवसभरात साधारण एक लिटर द्रव पुरतो. ओआरएस, शहाळ्याचे पाणी, गार दूध, बिनमिठाची गार पेज, पातळ केलेली साबुदाण्याची खीर, यांपैकी जे ती घेईल ते द्यावे. कुल्फी किंवा आइस्क्रीम दिले म्हणून घसा बिघडेल ही भीती या आठवड्यापुरती सोडून द्यावी; गारव्याने आग कमी होते आणि पोटात काहीतरी जाते. लिंबू, संत्र्या-मोसंब्याचा रस, ताक आणि खारट पदार्थ मात्र नकोत, कारण एकदा झोंबले की मूल पुढचे चार तास कशालाच तोंड लावत नाही.

पाजण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदना कमी करणारे औषध दिले, तर निम्मे काम सोपे होते. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून देता येते. त्याचे सिरप आपल्याकडे पाच मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींचे मिळते, त्यामुळे बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय शेजारणीच्या सांगण्यावरून माप ठरवू नये. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. दात येताना हिरड्यांवर चोळतात ती बधिर करणारी जेलही इतक्या लहान मुलाच्या तोंडात लावू नये, कारण ती गिळली जाते आणि तिच्यातल्या औषधाने झटके येण्यापर्यंत किंवा रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता घटण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

सात-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, डोळे खोल गेले आहेत किंवा मूल मलूल पडून आहे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तिथे सलाइन लागते आणि बहुतेक मुले एक-दोन दिवसांत घरी जातात. मूल विचित्र वागू लागले, ओळख देईना, झटका आला किंवा सारखी झोपेची गुंगी राहिली, तर तो प्रकार निराळा आणि तातडीचा आहे, कारण क्वचित हाच विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि तेव्हा शिरेवाटे ॲसायक्लोविर सुरू व्हायला जितका उशीर, तितके नुकसान जास्त.

आता नाव. दुसऱ्या डॉक्टरांचे निदान तुम्ही केलेल्या वर्णनाशी पूर्णपणे जुळते. हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचे दोन प्रकार आहेत. तोंडाच्या आजाराला बहुतेक वेळा पहिला प्रकार कारणीभूत असतो आणि जननेंद्रियांच्या आजाराला बऱ्याचदा दुसरा, जरी पहिला प्रकारही मुखमैथुनातून तिथे पोहोचू शकतो. मोबाइलवर तुम्ही जे वाचलेत ते बहुधा या दुसऱ्या आजाराविषयीचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे शंभरातल्या ६४ जणांच्या शरीरात पहिल्या प्रकारचा विषाणू आहे. यांतल्या अनेकांना तो बालपणीच लाळेतून मिळतो, गालाचा-ओठांचा पापा घेताना किंवा उष्टा चमचा तोंडात जाताना, आणि बहुतेकांना तो केव्हा आला हे कळतही नाही. चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात केवळ या एका शब्दावरून तीन आठवडे अबोला होता, म्हणून हे मी मुद्दाम ठासून लिहितो आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. मराठीत आपण ज्याला नागीण म्हणतो तो हर्पिस झोस्टर, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूने होणारा वेगळा आजार आहे. ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. तोंडात आली तरी टाळूच्या बरोबर मध्यरेषेवर थांबते. नावातला अर्धा शब्द सारखा असल्यामुळे लोक ओठावरच्या फोडांवरही गेरू लावून येतात.

पहिल्यांदा लागण झालेल्यांपैकी काही मुलांमध्ये, बहुधा सहा महिने ते पाच वर्षे या वयात, तुमच्या मुलीसारखे चित्र दिसते. आधी दोन-तीन दिवस नुसता ताप आणि किरकिर, मग हिरड्या. बॅटरीच्या उजेडात ओठ हलकेच वर उचलून पाहिल्यास दातांच्या कडेने हिरडीची गडद लाल, फुगलेली, चकाकणारी किनार दिसते, आणि बोट लागले तरी रक्त येते. टाळूवर, जिभेवर आणि ओठांवर टाचणीच्या डोक्याएवढे फोड येतात, ते काही तासांतच फुटतात आणि पिवळसर तळाच्या उथळ जखमा उरतात. जबड्याखाली गाठी लागतात, तोंडाला वास येतो. हे सगळे दहा ते चौदा दिवस चालते आणि खूण न ठेवता बरे होते. तुमच्या सासूबाई ज्याला उष्णता म्हणतात, म्हणजे आपण तोंड आले म्हणतो, त्यात हिरड्या अशा सुजत नाहीत, ताप नसतो, आणि जखम येते ती गालाच्या आत, ओठाच्या आतल्या मऊ बाजूला किंवा जिभेखाली. ती फोडापासून सुरू होत नाही आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. तिथे जाईचा पाला चावण्याला किंवा बी-कॉम्प्लेक्सला माझा आक्षेप नाही. पण त्या जखमांवर लावायची स्टेरॉइडची पेस्ट हर्पिसच्या जखमेवर लावली, तर विषाणूला मोकळे रान मिळते. म्हणून हा फरक महत्त्वाचा.

मुंबईत पावसाळ्यात बालवाड्यांमधून हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ येते आणि त्यातही तोंडात फोड असतात. तिथे तळहात, तळपाय आणि ढुंगण पाहावे. फोड तिथेही असतात आणि हिरड्या मात्र बहुधा शाबूत असतात.

ॲसायक्लोविर कसे काम करते हे समजले, तर उपचारात वेळेला इतके महत्त्व का, हे आपोआप उमगते. हे औषध विषाणू मारत नाही. विषाणूने शिरकाव केलेल्या पेशीत विषाणूचेच एक विकर (एन्झाइम) या औषधाला कामाला लावते, आणि मग ते विषाणूच्या नव्या प्रती तयार होण्याचे काम थांबवते. निरोगी पेशींमध्ये ते जवळजवळ निष्क्रिय राहते, म्हणूनच ते इतके सुरक्षित आहे. ज्या संशोधनातून ते घडले त्याच्या धुरीण गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण याचा अर्थ असाही की, प्रती तयार होऊन गेल्यावर त्याला करण्यासारखे फारसे उरत नाही. मुलांच्या पहिल्या लागणीत लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत पोटातून दिलेल्या औषधाने जखमा, ताप आणि खाण्यापिण्याचे हाल यांचे दिवस स्पष्टपणे कमी होतात. तुमच्या मुलीला ते थोडे उशिरा मिळाले. तरीही नवे फोड अजून उठत असतील तर त्याचा उपयोग आहे, म्हणून डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवलेला डोस पूर्ण करावा. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही. ते थांबवण्याविषयी त्यांनाच विचारावे. पहिल्या डॉक्टरांना मात्र दोष देऊ नका. पहिल्या दोन दिवसांत नुसता ताप असताना हे निदान कुणालाही करता येत नाही.

यजमानांचे ओठावरचे फोड हा याच विषाणूचा दुसरा अवतार आहे. पहिली लागण बरी झाली की विषाणू शरीरातून जात नाही; चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या कवटीतल्या गाठीत तो निपचित पडून राहतो आणि कारण मिळाले की त्याच वाटेने ओठावर परत येतो. कारणे ठरलेली आहेत: ताप, कडक ऊन, जागरण, मासिक पाळी, मनावरचा ताण, दातांचे मोठे काम. शिवाजी पार्कवर क्रिकेटचा सराव करणारा एक मुलगा सलग तीन वर्षे माझ्याकडे मे महिन्यातच आला. त्याला गोळीपेक्षा मोठा गुण आला तो ओठांना लावायच्या सनस्क्रीनच्या बामने आणि रुंद काठाच्या टोपीने.

यजमानांनी एक गोष्ट ओळखायला शिकावी. फोड दिसण्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, ओठाच्या त्याच जागी चुणचुण होते, मुंग्या आल्यासारखे, त्वचा ताणल्यासारखे वाटते. माझ्या अनुभवात दहातल्या आठ जणांना ही खूण माहीत असते, पण फोड पूर्ण वर येईपर्यंत ते थांबतात आणि खपली धरल्यावर दवाखान्यात येतात. तोवर विषाणूचे काम उरकलेले असते. चुणचुण सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत व्हॅलासायक्लोविर २ ग्रॅम आणि बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम, इतकाच प्रौढांचा एका दिवसाचा उपचार आहे. त्याऐवजी फॅमसायक्लोविर १५०० मिलिग्रॅम एकदाच घेतले तरी चालते. यामुळे आजार साधारण एक दिवस लवकर आटोपतो. हा फायदा लहान वाटेल, पण तो मिळतो तो फक्त वेळेवर घेणाऱ्यालाच. म्हणून अशा रुग्णांना मी चिठ्ठी आधीच लिहून देतो आणि गोळ्या पाकिटात बाळगायला सांगतो, कारण ती चुणचुण विरार लोकलमध्ये रात्री साडेनऊला सुरू होते, दवाखान्याच्या वेळेत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस कमी करावा लागतो, त्यामुळे ही चिठ्ठी डॉक्टरांकडूनच घ्यावी आणि गोळीबरोबर भरपूर पाणी प्यावे. ॲसायक्लोविरचे ५ टक्क्यांचे मलम दिवसातून पाच वेळा लावले तर थोडाफार उपयोग होतो, गोळीइतका नाही. वर्षातून सहा किंवा जास्त वेळा त्रास होत असेल, तर रोज एक लहान डोस काही महिने देऊन तो रोखता येतो. दोन-तीन वेळांसाठी त्याची गरज नाही. टूथपेस्ट, चुना आणि तुरटी यांनी जखम भाजते. औषधाच्या दुकानात कोणत्याही पुरळावर हातात ठेवतात ते स्टेरॉइड मिसळलेले मलम तर अजिबात लावू नये.

मात्र ओठावरचा प्रत्येक फोड हर्पिस नसतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका कारकुनाच्या खालच्या ओठावर दर दोन-तीन महिन्यांनी एकाच जागी फोड यायचा आणि मी तीनदा ॲसायक्लोविर दिले. चौथ्यांदा तो आला तेव्हा फोड नव्हता, पण त्या जागी जांभळट-काळा डाग तसाच होता, आणि हर्पिस सहसा असा डाग ठेवत नाही. मग विचारल्यावर कळले की, डोके दुखले की तो एक ठरावीक वेदनाशामक गोळी घेतो आणि काही तासांत ओठ उठतो. ते औषधाचे रिॲक्शन होते. गोळी बंद झाली, फोड बंद झाले. पहिल्याच वेळी 'काय खाल्लेत, कुठली गोळी घेतलीत' हे न विचारल्याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून प्रत्येक वेळी त्याच जागी फोड आणि मागे काळा डाग असेल, तर घेतलेल्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत पडलेल्या चिरा बहुधा बुरशीच्या असतात. मधासारखी पिवळी खपली जिवाणूंची असते. आणि तंबाखू, मिश्री किंवा गुटखा घेणाऱ्याच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तिला हर्पिस, उष्णता किंवा दात टोचला असे कोणतेही नाव न देता तिचा तुकडा तपासून घ्यावा. परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात पोहोचणारे कितीतरी रुग्ण आधी महिनोन्‌महिने तोंड आल्याची औषधे लावत बसलेले असतात.

रक्ततपासणीविषयी: बहुतेक वेळा डोळ्यांनी पाहून निदान होते. शंका असेल तर फोडाच्या तळाचा नमुना घेऊन त्यातला विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी करता येते. रक्तातली आयजीजी चाचणी फक्त कधीतरी लागण झाली होती एवढेच सांगते, आणि ती तर बहुतेक प्रौढांना झालेली असते. ताजी लागण ओळखण्यासाठी म्हणून करतात त्या आयजीएम चाचणीवर तर विसंबूच नये. त्या कागदामुळे घराघरांत विनाकारण भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

मुलीला लागण यजमानांकडून झाली का, हे खात्रीने सांगता येणार नाही. लागणीपासून लक्षणांपर्यंत दोन ते बारा दिवस जातात, आणि फोड नसतानाही अनेकांच्या लाळेत अधूनमधून विषाणू असतो. आजी, बालवाडी, शेजारचे मूल, कुणीही असू शकते. ही चौकशी घरात करू नये, त्यातून हाती काही लागत नाही. पुढे मात्र फोड असताना यजमानांनी मुलीचे पापे घेऊ नयेत, तिला आपल्या ताटातले भरवू नये, मलम लावल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तो हात डोळ्याला लावू नये. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर घरातले कुठलेही थेंब न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे; स्टेरॉइडच्या थेंबांनी अशा डोळ्याचे कायमचे नुकसान होते. मुलगी अंगठा चोखत असेल तर बोटाकडे लक्ष ठेवावे, कारण नखाशेजारी फोड येऊ शकतात, आणि ते गळू समजून कापायचे नसतात. तिला एक्झिमा, म्हणजे कोरड्या, खाजणाऱ्या त्वचेचा विकार असेल आणि त्यावर अचानक फोड पसरू लागले तर तेही तातडीचे आहे. बालवाडीत तिने लाळ गळायची थांबून खाणेपिणे नीट सुरू झाल्यावर जावे.

बारशाविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे: मुलीला नेऊ नये. पहिल्या चार-सहा आठवड्यांच्या बाळाला हा विषाणू लागला तर तो यकृत, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पसरू शकतो, आणि उपचार मिळूनही अशी बाळे दगावतात. तुमच्या मुलीची लाळ सध्या विषाणूने भरलेली आहे, आणि ताप उतरला, फोड सुकले तरी ती लगेच स्वच्छ होत नाही. यजमानांच्या ओठावर त्या दिवशी चुणचुण, फोड किंवा खपली यांपैकी काही नसेल तर ते जाऊ शकतात, पण बाळाचा पापा त्यांनी घेऊ नये. खरे तर पाळण्याभोवती जमणाऱ्या कुणीच तो घेऊ नये. तुम्ही मुलीची लाळ दिवसभर पुसता आहात, त्यामुळे जाणारच असाल तर आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, तिथे पोहोचल्यावर पुन्हा साबणाने हात धुऊन मगच पाळण्याची दोरी धरा आणि बाळाला मांडीवर घेणे या खेपेस टाळा. नणंदेला कारण आजच फोनवर सांगा. तिच्या घरी येणाऱ्यांपैकी आणखी कुणाच्या ओठावर फोड असेल, तर तिला त्यालाही वेळेत थांबवता येईल.